कधीपासून दुखतंय, असं डॉक्टर विचारतात तेव्हा

"अक्यूट पॅनक्रिएटायटिस," डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, "पण सोमवारी आमचं जहाज आहे. त्याचं काय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे न पाहता माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. बाई वातात बरळते आहे असं त्यांना वाटलं. अकोल्यात उन्हाळ्यात नदीच्या पात्रात पाणी शोधावं लागतं, तिथे नाकात नळी घातलेली बाई जहाजाची चौकशी करते म्हटल्यावर कोणालाही तसंच वाटलं असतं. शेवटी दिनकरच ओशाळून म्हणाले, "साहेब, जहाज खरंच आहे."

या आजाराबद्दल आधी सांगून टाकते, कारण मला तेव्हा कोणी नीट सांगितलं नव्हतं. पॅनक्रियाज म्हणजे स्वादुपिंड. ते जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं आणि अन्न पचवणारा रस तयार करतं. पित्ताशयातला एखादा खडा घरंगळत येऊन वाटेत अडकला, की तो रस आतच तुंबतो आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. अक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेलं. हा ‘अचानक’ लक्षात ठेवा. त्या एका शब्दासाठी मी पुढे कितीतरी महिने भांडले.

आता जहाजाबद्दल.

आमचं अमरावतीत हार-फुलांचं दुकान आहे. लग्नाच्या गाड्या, मांडव, सत्काराचे हार. त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव पेपरात एकाच कारणाने यायचं, आणि ते आलं की मुंबईहून, दिल्लीहून साहेबलोक यायचे. ज्या घरात शेतकऱ्याने जीव दिला तिथे ते नंतर जायचे, आधी विश्रामगृहावर त्यांचे सत्कार व्हायचे. त्या सत्कारांचे हार आम्ही बांधले. मला ते टोचायचं, आणि तरी बांधले. दुकान त्यावरच चालत होतं.

हारांचा झेंडू यायचा निर्मलाताईंकडून. निर्मलाताई म्हणजे दिनकरांची थोरली बहीण, माझी नणंद. अकोल्याजवळच्या एका खेड्यात त्या विहिरीच्या पाण्यावर भाजी आणि फुलं करतात. नवरा बोलायला कमी आणि घर सोडायला त्याहून कमी, त्यामुळे सगळा बाहेरचा व्यवहार त्याच बघतात. एका दसऱ्याला आजूबाजूच्या शेतांत पाणी साचून झेंडू सडला, ताईंचा चढावरचा तेवढा वाचला. चांगला भाव मिळाला. दुकानात बसून चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "मंदा, या पैशाची म्या काई वस्तू नाई घेत. मले समुद्र पाहाचा हाय. चालतं का संगं?"

आमच्या ओळखीचे एक टूरवाले होते. त्यांचे प्रवासी परत आले की त्यांच्या गळ्यात घालायचे हार आमच्याकडून जायचे. ते म्हणाले, समुद्रच पाहायचा तर किनाऱ्यावरून कशाला, समुद्राच्या आतून पाहा. सिंगापूरला विमानाने जायचं आणि तिथून मोठ्या जहाजावर चार दिवस. ताईंनी फोटो पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "खोलीले खिडकी हाय का?" बिनखिडकीची केबिन स्वस्त होती. ताईंनी जास्तीचे पैसे दिले. "समुद्र पाहाले पैसे देऊन जाचं आन् खोलीत भिंत पाहात बसाचं काय?" लग्नसराई असल्यामुळे दिनकर दुकान सोडू शकत नव्हते. आम्ही दोघीच जायचं ठरलं. पासपोर्टासाठी नागपूरच्या खेपा झाल्या.

टूरवाल्यांनी शेवटी विचारलं, "ताई, ट्रॅव्हल इन्शुरन्स घेऊन टाकू ना? ट्रिप कॅन्सलेशनसकट?" म्हणजे निघण्यापूर्वी कोणी आजारी पडून दवाखान्यात गेलं आणि प्रवास रद्द झाला, तर बुडालेले पैसे विमा कंपनी भरून देते. सोबतचा माणूस त्यामुळे थांबला तर त्याचेही. आम्ही घेतला. आपण शहाण्यासारखं वागलो असं मला वाटलं होतं.

निघायच्या आठवड्यात मी ताईंकडे गेले. त्यांना बुटांची सवय नव्हती, ती करून घ्यायची होती. दुपारी अंगणात फुलं निवडत बसलो होतो. वांग्याची भाजी आणि भाकर झाली होती. अचानक बेंबीच्या वर कोणीतरी सळई घालून ती पाठीतून बाहेर काढतंय असं झालं. आडवं पडलं की जास्त, पुढे वाकून बसलं की जरा कमी. मग उलट्या सुरू झाल्या, पोटात काही उरलं नाही तरी थांबेनात. तुमच्यापैकी कोणाला असं झालं तर ओवा आणि सोडा यांत वेळ घालवू नका. आम्ही तासभर घालवला.

शेजाऱ्याच्या जीपमधून ताईंनी मला अकोल्याच्या दवाखान्यात आणलं. कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या रुग्णांच्या खोलीत, एकच तरुण डॉक्टर होता. शेजारच्या खाटेवर फवारणी करताना विष चढलेला एक मुलगा होता, त्याच्याभोवती सगळी धावपळ. माझ्याकडे कोणी फिरकेना. बऱ्याच वेळाने डॉक्टर आला आणि कागदावर मान खाली घालून विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

मला बोलता येत नव्हतं. ताई बोलल्या.

"वर्ष झालं साहेब. वर्षापासून दुखून राहिलं तिचं. सांगत नाई ते कोनाले."

डॉक्टरने मान वर केली. मग पोट दाबून पाहिलं, सलाईन लावलं, रक्त घेतलं, सोनोग्राफीला फोन केला. त्या वेदनेतही मी मनात म्हटलं, ताई हुशार आहेत. हे मी मुद्दाम इथे लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांना काय काय बोलले तेही लिहायचं आहे.

रक्तात सीरम लायपेज नावाचा घटक पाहतात. स्वादुपिंड सुजलं की तो वाढतो. माझा भलताच वाढला होता. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. अमरावतीहून दिनकर येईपर्यंत मला आयसीयूत हलवलं होतं. तिथेच ते सुरुवातीचं बोलणं झालं.

उपचार काय, तर निल बाय माउथ. म्हणजे तोंडाने काहीही नाही, पाणीसुद्धा नाही, स्वादुपिंडाला आराम पडावा म्हणून. ओल्या कापसाने ओठ पुसायचे. सगळं सलाईनमधून. डॉक्टर रोज सकाळी यायचे आणि म्हणायचे, "अजून काही सांगता येत नाही." ते प्रामाणिक होते, पण पडून ऐकणाऱ्याला त्या प्रामाणिकपणाचा राग येतो. मला मरणाची भीती वाटत होती आणि ती कोणापाशी बोलता येत नव्हती. रात्रंदिवस तहान लागायची.

दिनकरांनी टूरवाल्यांना फोन केला. निघायला इतके कमी दिवस असताना रद्द केलं तर जहाज कंपनी शंभर टक्के कापते, असं ते म्हणाले. म्हणजे काहीच परत नाही. "पण काळजी करू नका, इन्शुरन्स आहे. आणि निर्मलाताई ग्रुपसोबत जाऊ शकतात, त्यांची केबिन तर भरलेलीच आहे."

दिनकरांनी बहिणीला आग्रह केला. ताई म्हणाल्या, "समुद्र काय पयून चालला, दिनू? अशीले टाकून जाऊ काय?"

सोमवारी त्या माझ्या खाटेजवळ स्टुलावर बसल्या होत्या. बोटांनी पदराला पीळ देत होत्या. स्वतःशीच म्हणाल्या, "आता निंगालं असन." मी झोपेचं सोंग घेतलं. खिडकीची ती केबिन रिकामीच समुद्रावर गेली.

मी वाचले. सूज उतरली, आधी पाण्याचा चमचा, मग भाताची पेज, मग घर. काही आठवड्यांनी अमरावतीत दुर्बिणीने पित्ताशय काढलं. लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी असं लांबलचक नाव आहे, पण पोटाला लहान छिद्रं पाडून करतात आणि लवकर घरी सोडतात. या शस्त्रक्रियेला घाबरू नका. खडे एका छोट्या बाटलीत घालून आमच्या हातात दिले. मटकीएवढे होते.

खरं आजारपण त्यानंतर सुरू झालं.

विम्याचा क्लेम करायचा तर डिस्चार्ज कार्ड, बिलं, तपासण्या, जहाजाचं तिकीट, रद्द केल्याचं पत्र, टूरवाल्यांची पावती, पासपोर्टाच्या प्रती, सगळं मुंबईला पाठवायचं. पाठवलं. मिळालं नाही म्हणाले. फॅक्स करा म्हणाले. आमच्याकडे तेव्हा अर्धा दिवस वीज नसायची. वीज असली की फॅक्सवाल्याकडे रांग. तिथून फोन केला की मुंबईतली मुलगी हिंदीत म्हणायची, "मॅडम, आपको जब टाइम मिला, तब भेज देना था." वेळ मला होता हो, वीज नव्हती. मूळ केसपेपर मागितला, म्हणजे पहिल्या दिवशी डॉक्टरने लिहिलेला कागद. दिनकर अकोल्याला जाऊन त्याची प्रत घेऊन आले. त्यात काय आहे ते आम्ही वाचलंही नाही. डॉक्टरांचं अक्षर कोण वाचतं?

विमा कंपनीने वाचलं.

पत्र आलं की क्लेम नामंजूर. कारण प्री-एक्झिस्टिंग डिसीज. म्हणजे पॉलिसी घेण्यापूर्वीच असलेला आजार. सोबत केसपेपरची प्रत, आणि एका ओळीखाली रेघ ओढलेली की रुग्णाला एक वर्षापासून पोटदुखी आहे. माझा क्लेम गेला म्हणून सहप्रवासी या नात्याने ताईंचाही गेला. टूरवाल्यांनी जहाज कंपनीकडून तेवढे बंदराचे कर परत मिळवून दिले. खिडकीचे पैसेसुद्धा त्यातून निघाले नसते.

वर्षभर? मला आयुष्यात कधी पोट दुखलं नव्हतं. बाळंतपणं सोडून मी दवाखान्याची पायरी चढले नव्हते. माझा राग गेला सरळ ताईंवर. पुढच्या वेळी त्या फुलं घेऊन आल्या तेव्हा पोतं खाली ठेवायच्या आधीच मी विचारलं, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला वर्ष म्हणायला?"

त्यांना आधी कळेना. कळल्यावर त्या खाली बसल्या.

"मंदा, आजच दुखून राहिलं म्हनलं असतं तं त्यानं गोळी देऊन घरी धाडलं असतं. तलाठ्याले सोळा आणे पीक गेलं म्हनलं तवा तो आठ आणे लिहिते. आठ म्हनलं तं चार लिहिते. आमच्याकडं सारेच तसं सांगतात व. खरं सांगनाऱ्याले काईच भेटत नाई."

"डॉक्टर म्हणजे तलाठी नाही ताई."

"मंग हा इन्शुरन्सवाला कोन हाय?"

मी आणखी जोरात बोलले. तुमच्या तोंडामुळे तुमचेही गेले आणि माझेही गेले. वर मी आजार लपवून पॉलिसी घेणारी लबाड ठरले. ताईंनी रिकामं पोतं घडी घालून पिशवीत ठेवलं आणि चहा न घेता निघून गेल्या. त्यानंतर फुलं एसटीच्या कंडक्टरबरोबर यायला लागली, ताई यायच्या बंद झाल्या.  दिनकर जेवताना ताटातच बघायचे.

मी अकोल्याला गेले, त्या दवाखान्यात. तो तरुण डॉक्टर दुसरीकडे गेला होता. मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. तो कायदेशीर कागद आहे."

"पण ते खोटं आहे."

"तुमच्याच माणसाने सांगितलेलं आहे."

मग मी म्हटलं, निदान आजार अचानक झाला असं लिहून द्या. ते दिलं. पण खाली त्यांनी हेही लिहिलं की खडे तयार व्हायला बराच काळ लागतो, रुग्णाला त्यांची जाणीव असेलच असं नाही. कंपनीने त्या वाक्यातला पहिला अर्धा घेतला, दुसरा सोडला. म्हणजे माझ्या पोटात मला न सांगता खडा बसला, तोही माझाच गुन्हा.

मी जिल्हा ग्राहक मंचात तक्रार टाकली. तिथेही तारखा. एकदा त्यांचा वकील आला नाही, एकदा आमचा, एकदा अध्यक्षांची बदली. कोपऱ्यातल्या बाकावर बसून मी ऐकायचे, तर कोणाचं बियाणं उगवलं नव्हतं, कोणाचा पंप जळाला होता, आणि मी जहाजाचे पैसे मागत होते. लोक माझ्याकडे वळून पाहायचे. मला लाज वाटायची, आणि लाज वाटते याचा राग यायचा. ताईंनी खुरपून, तोडून, पोती वाहून कमावलेले पैसे होते ते. जहाजाला दिले म्हणून ते हलके होत नाहीत.

आमचे वकील म्हणाले, एकच उपाय आहे. ज्यांनी ते वर्ष सांगितलं त्यांनीच शपथेवर सांगायचं की ते खरं नव्हतं.

मी ताईंच्या गावी गेले. त्या वाफ्यात पाणी देत होत्या. मी काय तोंडाने विचारणार होते कोण जाणे. त्यांनी सगळं ऐकलं, दुसऱ्या वाफ्याकडे पाणी वळवलं आणि म्हणाल्या, "येतो मी. माह्या तोंडानं गेलं, माह्याच तोंडानं येऊ दे."

मंचात एरवी साक्ष कागदावरच होते, पण अध्यक्षांनी ताईंना समोर बोलावलं. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं आणि जहाजासाठी घेतलेले बूट घातले होते. त्यांनी तलाठ्याचं, आण्यांचं, सगळं सांगितलं. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मला वाटलं, आता समजलं यांना.

कंपनीचा वकील उठला. सभ्य होता. "बाई, मग तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तवा."

"म्हणजे गरज पडली की तुम्ही खोटं बोलता?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं.  वकील म्हणाला, "दॅट्स ऑल."

आम्ही हरलो. निकालात लिहिलं होतं की आजारपणाच्या वेळी केलेली नोंद नंतरच्या शपथेपेक्षा जास्त विश्वासार्ह मानावी लागते, आणि ही साक्षीदार आपल्या सोयीने बोलते. अपील करा, वकील म्हणाले. मी नाही म्हटलं. त्या कागदात निर्मलाताईंना खोटारडी म्हटलं होतं, आणि त्यांना तिथे उभी मीच केली होती.

एसटी स्टँडवर त्या म्हणाल्या, "मंदा, आता डॉक्टर असो का तलाठी असो, का देव असो. जेवढं हाय तेवढंच सांगन. त्याच्यावर एक शब्द नाई." मी माफी मागितली. त्यांनी हातानेच राहू दे म्हटलं आणि गाडीत चढल्या.

त्यानंतर त्या पुन्हा दुकानात यायला लागल्या. पूर्वीसारखं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. त्या आता मोजून बोलायच्या. पूर्वी झेंडूचं पोतं ठेवताना त्याचं इतकं कौतुक करायच्या की गिऱ्हाईकसुद्धा हसायचं. आता विचारलं तर म्हणायच्या, "बरा हाय."

पुढल्या हिवाळ्यात एका सकाळी त्या पोतं घेऊन आल्या, ते दारातच टाकलं आणि गल्ल्याजवळच्या बाकावर बसल्या. चेहरा राखेसारखा. थंडीत कपाळावर घाम. "काई नाई, पाठीत भरलं," म्हणाल्या. दिनकर बाजारात गेले होते. मी दुकान तसंच टाकून त्यांना रिक्षात घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं.

पुन्हा तीच गर्दी, पुन्हा एक तरुण डॉक्टर, मान खाली. "कधीपासून दुखतंय?"

"आताच," ताई म्हणाल्या. "पोतं उचललं तवापासून. थोडंसंच हाय."

"छातीत?"

"थोडंसं."

"ओझं उचलल्यामुळे स्नायू ओढला गेला असेल," डॉक्टर म्हणाला आणि गोळी लिहायला लागला. ताईंनी मान हलवली. त्या खरं बोलल्या होत्या. जेवढं होतं तेवढंच, वर एक शब्द नाही. आणि त्या खऱ्यासाठी त्यांना एक गोळी मिळत होती.

मी त्यांच्या कपाळावरचा घाम पाहत होते. मग माझं तोंड उघडलं.

"डॉक्टर, तीन दिवसांपासून दुखतंय यांच्या छातीत. रात्रभर बसून असतात. डावा हात उचलत नाही. सांगत नाहीत त्या कोणाला."

ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरने पेन थांबवलं, कागदावर ‘तीन दिवसांपासून’ लिहिलं आणि नर्सला ईसीजी काढायला सांगितलं. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. पट्टी बाहेर आली तशी त्याने ती हातात धरूनच दुसऱ्या डॉक्टरला हाक मारली. हार्ट अटॅक होता.

मग तो धावत माझ्याकडे आला. "बाई, नीट सांगा, नक्की कधीपासून? रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, ते सुरुवातीच्या काही तासांतच द्यायचं असतं. तीन दिवस होऊन गेले असतील तर त्याचा उपयोग नाही, उलट धोका आहे."

 माझ्या खोट्याने ताईंची तपासणी झाली होती, आणि आता तेच खोटं त्यांचं औषध अडवून बसलं होतं.

"आजच," मी म्हटलं. "तासाभरापूर्वी. त्या सांगत होत्या तेच खरं. मी खोटं बोलले."

"का?"

"तुम्ही गोळी देऊन घरी पाठवत होता म्हणून."

 मग त्याने विचारलं, "बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

हा प्रश्न मी आधी ऐकला होता. त्यानंतर काय येतं तेही मला माहीत होतं. "तेव्हा," मी म्हटलं, आणि रडायला लागले.

त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. आलेखाच्या पट्टीकडे एकदा पाहिलं, ताईंकडे एकदा पाहिलं, आणि नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं.

निर्मलाताई आज आहेत. नंतर नागपूरला नेऊन त्यांची अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी केली. आता ओझं उचलायचं नाही, फुलं गडी आणतो, त्या सोबत येऊन बसतात. समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही. मी विषय काढला तर म्हणतात, "राहू दे, तो कुठं जाते."

हे वाचणाऱ्यांना मी काय सांगू? डॉक्टरांना खरं सांगा, दिवस आणि तास धरून सांगा. त्यावर औषध ठरतं आणि विमाही. प्रवासाचा विमा असेल तर केसपेपरची प्रत त्याच दिवशी मागून वाचून घ्या, चूक असेल तर तिथल्या तिथे दाखवा. आणि खरं सांगूनही कोणी मान वर करत नसेल, तर खुर्चीतून उठू नका. ईसीजी काढा म्हणा, भांडा, ओरडा. मला तेव्हा हे सुचलं नाही, मला खोटंच सुचलं. आमच्या भागात तेच आधी सुचतं, आणि ते कोणी शिकवलं हे विचारायला मंचात कोणाला वेळ नव्हता.

त्या तरुण डॉक्टरचे मी मनापासून आभार मानते. माझ्यासारख्या खोटं बोललेल्या बाईवर त्याने पुढच्याच मिनिटाला विश्वास ठेवला.

ताईंना घरी सोडायच्या दिवशी मी त्यांचा केसपेपर मागून घेतला आणि पहिली ओळ वाचली. ‘तीन दिवसांपासून’ वर एक आडवी रेघ होती, वर ‘एक तासापासून’ असं लिहिलेलं होतं आणि बाजूला डॉक्टरची सही होती. मी तो कागद ताईंना दाखवला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून बोट ठेवून वाचून दाखवला.

"खोडलं त्यानं?"

"हो. रेघ मारली आणि सही केली."

ताईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"एवढंच तं करायचं होतं व," त्या म्हणाल्या.